न्यूयॉर्कच्या भिंती आणि १९९२चा उन्हाळा

मॅनहॅटनच्या उत्तरेला हार्लेम नदीच्या काठाने गाड्यांचा एक भरधाव रस्ता जातो. त्याला लागून, १२८वा रस्ता आणि सेकंड अ‍ॅव्हेन्यू भेटतात तिथे, हँडबॉल खेळायची एक भिंत आहे. काँक्रीटची नुसती उभी भिंत. मुलांनी तिच्यावर चेंडू मारायचा, परत आला की पुन्हा मारायचा. दोन्ही बाजूंनी ती भडक नारिंगी रंगवलेली आहे आणि त्या नारिंगीवर जाड काळ्या रेषेत माणसं धडपडताहेत, तोल जाऊन पडताहेत. मध्ये मोठ्या अक्षरांत ‘क्रॅक इज वॅक’. क्रॅक हे त्या काळी गरीब वस्त्यांमध्ये धुमाकूळ घालणारं अमली द्रव्य. ते भिकार आहे, असं ही भिंत सांगते.

१९८६च्या जूनमध्ये कीथ हेरिंग नावाचा अठ्ठावीस वर्षांचा चित्रकार रंगाचे डबे आणि शिड्या घेऊन इथे आला आणि कुणालाही न विचारता एका दिवसात भिंत रंगवून मोकळा झाला. पोलिसांनी पकडलं, दंड झाला. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, आणि अमली द्रव्याच्या विरोधात चित्र काढणाऱ्याला शिक्षा कशी करायची, असा पेच शहराला पडला. मूळ चित्र टिकलं नाही, ते पुसलं गेलं. मग त्याच वर्षी त्याने, या वेळी रीतसर परवानगीने, भिंत पुन्हा रंगवली. आज त्या मैदानाचं सरकारी नावच ‘क्रॅक इज वॅक प्लेग्राउंड’ आहे. ज्याला दंड केला त्याच्याच ओळीवरून पालिकेने मैदानाचं बारसं केलं.

मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी पोरांकडून मुक्तहस्त चित्रं घोटून घेतली. त्यामुळे भिंतीसमोर उभी राहिल्यावर मी आधी पाहिली ती रेघ. हेरिंग आधी कच्चं रेखाटन करत नसे. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर, शिडीवर उभं राहून, आखून न घेता मारलेली ती रेघ कुठेही अडखळत नाही. हा हात तयार झाला भुयारी रेल्वेत. फलाटांवर जाहिरातींच्या चौकटी असत. जुन्या जाहिरातीची मुदत संपली की नवी येईपर्यंत तिथे काळा कागद चिकटवून ठेवत. १९८० ते ८५ या काळात हेरिंगने त्या काळ्या कागदांवर पांढऱ्या खडूने अक्षरशः हजारोंनी चित्रं काढली. खडू आणि काळी पाटी, आणखी काय लागतं? गाडी यायच्या आत, पोलीस यायच्या आत चित्र पुरं व्हायला हवं. कितीदा तरी त्याला पकडून नेलं. तो समलिंगी होता आणि ते लपवत नव्हता. १९९०च्या फेब्रुवारीत, वयाच्या ३१व्या वर्षी, तो एड्सने गेला.

मी गेले तो जून २०२४. बहीण न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते, भाची जर्सी सिटीत. न्यूयॉर्कमध्ये काय काय बघायचं याची भाऊजींनी यादी करून ठेवली होती: स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, टाइम्स स्क्वेअर, शेअर बाजारासमोरचा बैल. बैल मी पाहिला. पण मला पाहायची होती क्विअर आणि ट्रान्स कलावंतांनी या शहराच्या रस्त्यावर केलेली कामं. आतली, काचेमागची नव्हे. बाहेरची, येणाऱ्याजाणाऱ्याने न मागता पाहिलेली. भाऊजींनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “त्यात बघण्यासारखं काय असतं?” प्रश्न खोचक नव्हता, खरा होता.

आपल्याकडे भिंत म्हटलं की आधी मूळव्याधीच्या जाहिराती आठवतात, मग निवडणुकीची चिन्हं, आणि कोपऱ्यात कुणी लघवी करू नये म्हणून ओळीने लावलेल्या देवांच्या टाइल्स. म्हणजे भिंत कुणी काय करायची हे ठरवण्याचा झगडा आपल्याला नवा नाही. अलीकडे त्यात चांगली भर पडली ती बंगळुरूच्या अरावणी आर्ट प्रोजेक्टची. पूर्णिमा सुकुमार यांनी २०१६ साली तो सुरू केला. ट्रान्स स्त्रिया आणि त्यांच्यासोबत इतर स्त्रिया मिळून शहरातल्या भिंती रंगवतात. ज्यांना पाहून लोक गाडीची काच वर करतात, त्या बायका दिवसभर त्याच रस्त्यावर ब्रश घेऊन उभ्या राहतात, आणि लोकांना थांबून विचारावं लागतं, काय काढताय? चित्राइतकंच हे उभं राहणंही मोलाचं. मी अमेरिकेत होते त्याच उन्हाळ्यात अरावणीचं भित्तिचित्र व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, होतं.

तर भाचीबरोबर जर्नल स्क्वेअरला पाथची गाडी धरली. नदीखालून जाणारी ही छोटी रेल्वे मॅनहॅटनमध्ये शिरल्यावर तिचं एक स्थानक ख्रिस्तोफर स्ट्रीटवर आहे. वर आलं की पाच-सात मिनिटांत ख्रिस्तोफर पार्क. पार्क म्हणजे एक त्रिकोणी तुकडा: लोखंडी कुंपण, चार झाडं, काही बाकं. समोर स्टोनवॉल इन. २८ जून १९६९च्या पहाटे पोलिसांनी या बारवर धाड घातली, गिऱ्हाइकांनी उलट हात उचलला आणि पुढे अनेक रात्री रस्ता धुमसत राहिला. २०१६ साली ओबामांनी बार, पार्क आणि आजूबाजूचे रस्ते मिळून राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं.

पार्कमध्ये शिरल्यावर आधी भेटतो जनरल शेरिडन. अमेरिकेच्या यादवी युद्धातला आणि नंतर तिथल्या मूळ रहिवाशांवरच्या मोहिमांतला सेनापती. गंमत म्हणजे शेरिडन स्क्वेअर नावाचा चौक शेजारीच आहे आणि शेरिडनचा पुतळा मात्र ख्रिस्तोफर पार्कमध्ये. १९३६ सालापासून तो इथे उभा आहे. त्याच्यासाठी कुणी कुठे आंदोलन केल्याचं ऐकिवात नाही. त्याच्यापुढे चार पांढऱ्या आकृत्या आहेत. दोन पुरुष उभे, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. दोन बायका बाकावर बसलेल्या, एकीचा हात दुसरीच्या मांडीवर. बस्स, एवढंच. जॉर्ज सीगलचं हे शिल्प, नाव ‘गे लिबरेशन’.

या चार आकृत्यांना इथवर यायला किती वर्षं लागली ते ऐका. १९७९ साली, स्टोनवॉलला दहा वर्षं झाल्याबद्दल, ओहायोच्या एका खासगी निधीने पैसे देऊ केले. काम आधी शिल्पकार लुईझ नेव्हलसनकडे गेलं होतं, तिने अखेर नकार दिला, मग सीगलकडे आलं. सीगल स्वतः समलिंगी नव्हता. न्यू जर्सीतल्या साउथ ब्रन्सविकमध्ये त्याचा कोंबड्यांचा फार्म होता आणि तिथल्याच खुराड्यांमध्ये त्याने आपला स्टुडिओ थाटला होता. माझ्या बहिणीच्या घरापासून हे गाव गाडीने फार तर अर्ध्या तासावर. आज तिथे आपली मराठी मंडळी भरपूर. १९८० साली शिल्प तयार झालं आणि मोहल्ल्यात भांडण पेटलं. काहींना समलिंगी माणसं नको होती. काही समलिंगी लोकांना हा शिल्पकार नको होता. काहींना नुसती गर्दी नको होती. पार्कच्या डागडुजीचं निमित्त पुढे आलं आणि शिल्प अडकून पडलं. त्याची दुसरी प्रत कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात लागली, तर तिच्यावर कुणी हातोडा चालवला. न्यूयॉर्कची प्रत काही वर्षं विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला पाहुणी म्हणून राहिली. अखेर २३ जून १९९२ रोजी ती इथे बसली.

मला हे शिल्प आवडलं का? हात आवडले. मांडीवर ठेवलेला तो हात सीगलने नीट पाहिलाय. त्यात प्रदर्शन नाही, सवय आहे. पण पांढरा रंग मला खटकला. सीगलची सगळीच माणसं पांढरी असतात, ती त्याची शैली, हे मला ठाऊक आहे. तरी ज्या रात्री रस्त्यावर काळी आणि प्वेर्तो रिकन पोरं-पोरी, ट्रान्स बायका पुढे होत्या, त्या रात्रीची आठवण म्हणून चार चुनेगच्ची शांत माणसं? हे खटकणारी मी पहिली नाही. २०१५च्या ऑगस्टमध्ये काही अनामिक कार्यकर्त्यांनी रात्रीतून या आकृत्यांचे चेहरे तपकिरी रंगवले, डोक्यावर विग चढवले. पार्कवाल्यांनी ते पुसलं. त्याचा फोटो मी पाहिला आहे आणि शिक्षक म्हणून माझं मत विचाराल तर ती दुरुस्ती योग्य होती.

त्या रात्रींची ज्यांच्या नावाने आज सर्वांत जास्त आठवण काढली जाते त्यांतली एक म्हणजे मार्शा पी. जॉन्सन. काळी, गरीब, डोक्यात फुलं माळून फिरणारी, बेघर ट्रान्स मुलांसाठी सिल्व्हिया रिव्हेरासोबत आसरा उभारणारी. तिचं आणि सिल्व्हियाचं स्मारक याच भागात उभारू, असं शहराने २०१९ साली जाहीर केलं. दोन वर्षं काही झालं नाही. तेव्हा २०२१च्या ऑगस्टमध्ये, मार्शाच्या वाढदिवसाच्या सुमाराला, जेसी पॅलोटा या शिल्पकाराने तिचा अर्धपुतळा घडवून सरळ या पार्कात आणून ठेवला, शेरिडन आणि सीगलच्या पांढऱ्या मंडळींच्या सोबत. मी गेले तेव्हा तो तिथे नव्हता. सरकारी स्मारकही नव्हतं.

आता पुन्हा त्या तारखेकडे या. २३ जून १९९२. सीगलचं शिल्प बसलं आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ६ जुलैला, मार्शाचं प्रेत ख्रिस्तोफर स्ट्रीटच्या टोकाला हडसन नदीत सापडलं. पोलिसांनी आत्महत्या म्हणून फाईल बंद केली. तिच्या मैत्रिणींनी ते कधीच मानलं नाही आणि पुढे वीस वर्षांनी तपास पुन्हा उघडावा लागला. पार्क ते नदीवरचा धक्का हे अंतर मी चालून पाहिलं, रमतगमत दहा मिनिटं लागतात. रस्त्याच्या एका टोकाला शहर समलिंगी मुक्तीचं शिल्प बसवत होतं आणि दुसऱ्या टोकाला त्या मुक्तीची बाई पाण्यात होती.

त्या १९९२च्या उन्हाळ्याने मला त्या मुक्कामात सोडलंच नाही. भाची म्हणाली, “मावशी, तू न्यूयॉर्क बघत नाहीयेस, एक वर्ष बघतेयस.” खरं होतं.

त्याच मे-जूनमध्ये शहरात चोवीस ठिकाणी मोठमोठी होर्डिंग लागली होती. त्यांवर काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात एक बिछाना होता, विस्कटलेला, रिकामा. दोन उशा, आणि प्रत्येक उशीत डोक्याचा खळगा. अक्षर एकही नाही. कुठल्या कंपनीचं नाव नाही, फोन नंबर नाही. फेलिक्स गोन्सालेस-तोरेसचं हे काम. क्यूबात जन्मलेला हा कलावंत. त्याचा जोडीदार रॉस १९९१ साली एड्सने गेला होता. पाच वर्षांनी, १९९६ साली, तोही गेला. मॉडर्न आर्ट म्युझियमने हे प्रदर्शन भरवलं होतं खरं, पण चित्रं लागली गल्लीबोळांत, दुकानांच्या माथ्यावर, गाड्या दुरुस्त करायच्या गॅरेजांवर.

बिछाना रस्त्यावर का आणला? कारण कायदा आधीच बिछान्यापर्यंत पोचला होता. १९८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की दोन प्रौढ पुरुषांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या संमतीने ठेवलेल्या संबंधांनाही राज्य गुन्हा ठरवू शकतं. घराची भिंत त्यांच्यापुरती पारदर्शक झाली होती. मग तीच खोली मी तुमच्या चौकात टांगतो, घ्या, असं गोन्सालेस-तोरेसचं म्हणणं. तो निकाल फिरायला २००३ साल उजाडावं लागलं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपलं ३७७ कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली मर्यादित केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा जिवंत केलं आणि ६ सप्टेंबर २०१८ला त्यातला प्रौढांच्या संमतीने घडणाऱ्या संबंधांचा भाग रद्द झाला. मधल्या पाच वर्षांत आपल्या शहरांतल्या किती बिछान्यांना भिंती नव्हत्या, याचा हिशोब कुणी केला आहे?

या माणसाचं आणखी एक होर्डिंग १९८९ साली शेरिडन स्क्वेअरमध्येच लागलं होतं. पूर्ण काळं, आणि खाली दोन ओळींत फक्त काही नावं आणि सनावळ्या: ऑस्कर वाइल्ड, हार्वे मिल्क, पोलिसी छळ, स्टोनवॉल, तो १९८६चा निकाल. क्रमाने नव्हे, उलटसुलट. वाचणाऱ्याने जुळवून घ्यायचं. स्टोनवॉलच्या विसाव्या वर्षी त्या चौकात हे काळं पान लटकत होतं, तर सीगलच्या पांढऱ्या आकृत्या अजून परवानगीची वाट पाहत होत्या. माझ्या मते स्टोनवॉलचं खरं स्मारक तेच होतं, आणि ते काही महिन्यांत उतरवण्यासाठीच लावलेलं होतं.

भिंत बळकावायची नसेल तर भाड्याने घेता येते, हे ग्रॅन फ्युरी नावाच्या गटानेही ओळखलं. एड्सवर सरकारने चालढकल केली म्हणून रस्त्यावर उतरलेल्या ‘अ‍ॅक्ट अप’मधून हा गट निघाला. १९८९ साली त्यांनी बसच्या अंगावर लावायचं एक पोस्टर केलं. तीन जोड्या चुंबन घेताहेत: स्त्री-पुरुष, पुरुष-पुरुष, स्त्री-स्त्री. सगळे तरुण, रंगीबेरंगी कपड्यांत, हुबेहूब त्या काळच्या बेनेटन या कपड्यांच्या कंपनीच्या जाहिरातीसारखे. वर लिहिलेलं, चुंबनाने माणूस मरत नाही, हाव आणि बेपर्वाईने मरतो. खाली आणखी एक ओळ होती, कंपन्यांची हाव आणि सरकारची निष्क्रियता यांच्यावर थेट बोट ठेवणारी. पैसे देणाऱ्यांनी ती गाळायला लावली. शिकागोत हे पोस्टर लागलं तेव्हा ते फाडलं गेलं, काळं फासलं गेलं, आणि राज्याच्या सिनेटने तर अशा पोस्टरांवर बंदी घालणारं विधेयक मंजूर केलं. भाड्याच्या भिंतीचं हे असं असतं. भाडं भरणारा ओळ कापतो आणि रस्त्यावरचा डांबर घेऊन येतो.

जुलै १९९२मध्येच डेव्हिड वोइनारोविच हा चित्रकार वारला, ३७व्या वर्षी, एड्सने. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो आणि त्याचे मित्र हडसनवरच्या ओस पडलेल्या गोदामांत शिरून भिंती रंगवायचे. तिथे ना गॅलरी होती ना पहारेकरी. गोदामं पाडली गेली, चित्रं गेली. तो गेल्यावर आठवड्याने ईस्ट व्हिलेजच्या रस्त्यांवरून त्याची अंत्ययात्रा काढली, पुढे त्याच्या नावाचा मोठा फलक. अंत्ययात्रा हेच तिथे निषेधाचं काम झालं.

वेस्ट १२वा रस्ता आणि ग्रीनिच अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर आता एड्स स्मारक आहे. पांढऱ्या पोलादी पट्ट्यांचं, त्रिकोणांनी बांधलेलं १८ फूट उंच छत. खाली फरशीवर जेनी होल्झर या कलावंत बाईने कवी व्हिटमनच्या ओळी गोल गोल कोरल्या आहेत. समोर सेंट व्हिन्सेंट रुग्णालय होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा पहिला एड्स विभाग १९८४ साली तिथे उघडला. रुग्णालय २०१० साली बंद पडलं. जागेवर गडगंज किमतीचे फ्लॅट उभे राहिले. या एका शहरात एड्सने लाखावर माणसं गेली. स्मारक २०१६ साली झालं. दुपारी तिथे ऑफिसची माणसं डबे उघडून बसतात, मुलं पळतात. मला ते आवडलं. जेवायला जागा देणारं स्मारक मी फारसं पाहिलेलं नाही.

तिथून एक रस्ता ओलांडला की १३व्या रस्त्यावर एलजीबीटी सेंटर. शाळेची जुनी इमारत. १९८९ साली हेरिंगला इथे हवी ती भिंत निवड म्हटलं, तर त्याने निवडलं दुसऱ्या मजल्यावरचं पुरुषांचं स्वच्छतागृह. चारही भिंतींवर छतापर्यंत काळ्या रेषेची पांढऱ्यावर आतषबाजी आहे, आणि सगळी उघड, निर्लज्ज, आनंदी शृंगाराची. एड्सच्या आधीच्या दिवसांची ही आठवण, म्हणून नाव ‘वन्स अपॉन अ टाइम’. आता तिथे बेसिनं-भांडी नाहीत, नुसती खोली आहे. दाराशी भाची घुटमळली. “मावशी, तुला चालेल ना गं?” अगं, मी जन्मभर नववीच्या पोरांच्या बाकांवरची चित्रं पाहिली आहेत. फरक एवढाच की त्यांच्या रेषेत भीती असायची. हेरिंगला मृत्यू समोर दिसत होता तरी या रेषेत भीती नाही.

नदीकाठी अँथनी गोइकोलिया या कलावंताने केलेलं राज्य सरकारचं स्मारक आहे, २०१८चं. ऑरलँडोच्या पल्स क्लबमध्ये ४९ माणसं गोळीबारात गेली, त्यानंतर मंजूर झालेलं. नऊ मोठे ब्राँझचे दगड, काही मधोमध चिरून त्यांत काच भरलेली. ऊन पडलं की इंद्रधनुष्य उमटतं. देखणं आहे. माझ्या मते जरा जास्तच देखणं. त्याच्या दक्षिणेला थोडं चाललं की ४५ नंबरचा धक्का. आता तिथे हिरवळ आहे, पूर्वी मोडक्या फळ्या होत्या. संध्याकाळी चार-पाच काळी पोरं मोबाइलवर गाणं लावून व्होगिंग करत होती. हात चेहऱ्याभोवती कोनात फिरवायचे, मग एकदम पाठीवर कोसळायचं. घरातून हाकललेली मुलं गेल्या अर्धशतकात याच धक्क्यांवर हे शिकली. काँक्रीटवर असं कोसळून पुन्हा उठणं काय असतं ते माझ्या गुडघ्यांना चांगलं कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी व्हिटनी म्युझियममध्ये गेलो, तेव्हा तिथे बिएनाले चालू होतं. गच्चीवर कियान विल्यम्स या कलावंताचं काम होतं: व्हाइट हाउसची उत्तरेकडची दर्शनी बाजू, सगळी मातीची, एका बाजूला कलंडून जमिनीत रुतत चाललेली. वर उलटा झेंडा. शाडूची मूर्ती उन्हात तडकते तशा तिला भेगा गेल्या होत्या, आणि हवापाण्याने ती आणखी झिजावी हीच योजना होती. तिच्याकडे पाहत उभी होती चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची मार्शा पी. जॉन्सन. सरकारचं स्मारक अजून कागदावर, पण गच्चीवर मार्शा हजर. भाचीने विल्यम्स यांचं आधीचं काम २०२२ साली ब्रुकलिन ब्रिज पार्कमध्ये, फुकट, नदीकाठच्या गवतात पाहिलं होतं. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल घुमटावर जो स्वातंत्र्याचा पुतळा आहे, तोच मातीचा करून अर्धा जमिनीत गाडलेला. मूळ पुतळ्याच्या ओतकामात फिलिप रीड नावाच्या गुलाम माणसाने राबून काम केलं होतं. म्हणजे ज्याच्या हाताने स्वातंत्र्य ओतलं तो स्वतः त्या वेळी स्वतंत्र नव्हता. विल्यम्स यांनी ते विधान केलं नाही, नुसता चिखल वापरला.

त्याच प्रदर्शनात डेमियन डिनेयाझी या, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी दिने जमातीच्या, नॉन-बायनरी कलावंताची निऑन अक्षरं हडसनकडच्या खिडकीशी लावली होती. विनाशाची कल्पना करणं थांबवा, मुक्तीची करा, अशा आशयाच्या ओळी. काही अक्षरं अधूनमधून लुकलुकत. आम्हाला आधी वाटलं, दिवे बिघडलेत. भाचीने लुकलुकणारी अक्षरं तेवढी जोडून वाचली, तर ‘फ्री पॅलेस्टाइन’. म्युझियमलाही हे प्रदर्शन लागेपर्यंत कळलं नव्हतं. हेरिंगच्या काळ्या कागदाच्या जातीचंच हे काम. परवानगीच्या भिंतीत बिनपरवानगीची ओळ.

सोहोमधल्या वूस्टर स्ट्रीटवरच्या लेस्ली-लोमन म्युझियमपाशीही गेलो, कारण मला चित्रा गणेश यांच्या कामाची जागा बघायची होती. ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या या क्विअर चित्रकर्तीने पूर्वी ‘अमर चित्र कथा’ची शैली उचलून तिच्यातल्या बायकांना स्वतःचं बोलणं दिलं होतं. ज्या चित्रमालिकेच्या मुंबईतल्या अंकांवर आपण वाढलो त्याची ही अमेरिकेतली नात. २०२० साली करोनाने म्युझियम बंद असताना त्यांनी त्याच्या रस्त्याकडच्या काचांवरच चित्रं लावली. दार बंद, खिडकी चालू.

रात्री एडिसनला भाऊजींना हे सगळं सांगितलं. ते दर ऑगस्टला मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या इंडिया डे परेडला जातात. नव्वदीच्या दशकात दक्षिण आशियाई समलिंगी संघटनेला, साल्गाला, त्या परेडमध्ये चालू दिलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. “आपल्याच लोकांनी?” त्यांनी विचारलं. हो, आपल्याच. रस्ता न्यूयॉर्कचा, मनाई आपली.

फेब्रुवारी २०२५मध्ये मी पुण्यात होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने स्टोनवॉल स्मारकाच्या अधिकृत माहितीतून ‘ट्रान्सजेंडर’ आणि ‘क्विअर’ हे शब्द काढून टाकल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी शेकडो लोक त्या त्रिकोणी पार्कात जमले. मंजूर झालेलं स्मारक असं आतून खोडता येतं. तिथे छिन्नीचीही गरज पडत नाही. मला वाटतं, या शहरात क्विअर कलावंतांनी खरं टिकाऊ काम केलं ते पुसलं जाणार हे गृहीत धरून केलेलं: खडूचं, कागदाचं, चिखलाचं. त्याची कागदपत्रं आणि फोटो त्यांच्याच लोकांनी जपले, म्हणून आपल्याला कळलं.

जर्सीला मुलाकडे किंवा मुलीकडे जाणार असाल तर एक दिवस यासाठी काढा. पाथने ख्रिस्तोफर स्ट्रीटला उतरा. आम्ही गेलो तेव्हा तिकीट २.७५ डॉलर होतं. पार्क, धक्का, एड्स स्मारक हे सगळं चालत होतं आणि कुठेही पैसे पडत नाहीत. सेंटरमध्ये दाराशी ‘कीथ हेरिंगची खोली’ एवढं म्हटलं की वर पाठवतात. व्हिटनीला शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर प्रवेश फुकट आहे, पण नाव आधी नोंदवा. आणि भाऊजींसारखं कुणी घरात असेल तर त्यांनाही सोबत न्या. आमचे या वर्षी येतो म्हणालेत.